उंबराखालचा रविवार

कोल्हापूरजवळ कळंब्याच्या पुढे, कात्यायनीच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, आमच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाचे दोन एकर पडीक रान आहे. त्यात एक जुना उंबर, बांधावर पाच-सहा साग, करवंदीच्या जाळ्या, भरपूर घाणेरी आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत वाहणारा एक ओढा आहे. पाहण्यासारखे तिथे काही नाही, असे खुद्द मालकांचेच मत आहे. बालवाडीतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, मी जवळपास प्रत्येक रविवारी सकाळी गल्लीतली चार ते सात वर्षांची दहा मुले घेऊन तिथे जाते. सोबत आणखी दोन पालक असतात. दहापेक्षा जास्त मुले मी घेत नाही, आणि तिसरा मोठा माणूस आला नाही तर त्या दिवशी आम्ही जात नाही.

सुरुवातीला माझीही कल्पना अशी होती की मुलांना दर वेळी नवी जागा दाखवावी: एकदा पन्हाळा, एकदा मसाईचे पठार, एकदा रंकाळ्याचा काठ, एकदा विद्यापीठाच्या आवारातले मोर. तीन महिन्यांत लक्षात आले की नव्या जागी पोहोचल्यावर मुलांचा पहिला तास भांबावण्यात आणि दुसरा धावण्यात जातो, आणि ती पाहू लागतात तेव्हा परतायची वेळ झालेली असते. त्याच त्या रानात पाचव्या-सहाव्या खेपेला गेल्यावर मात्र मुले गाडीतून उतरताच आपापल्या ठिकाणी पळतात. कोणाचा दगड ठरलेला असतो, कोणाचे वारूळ, कोणाची चिखलातली चूल. "बाई, माझं वारूळ मोठं झालंय" हे वाक्य बोलण्यासाठी आधी लहान असलेले वारूळ पाहिलेले असावे लागते.

मागच्या हिवाळ्यात पालकांच्या आग्रहाखातर आम्ही राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरला गेलो होतो. त्या अभयारण्याविषयी मला अभिमान आहे. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखले गेलेले ते रान महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य, आज त्याचा विस्तार सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांमध्ये मोडते. परंतु कोल्हापूरपासून ८० किलोमीटरचा रस्ता, त्यात दोघांना उलट्या, पुढे जीप आणि जीपमध्ये गप्प बसण्याची ताकीद, एवढ्या सायासानंतर दिसला तो झाडीआड हलणारा एक काळा ठिपका. मोठी माणसे "गवा, गवा" म्हणून हरखली. मुलांना गवा पटला नाही. त्यांना पटले ते वाटेत पडलेले त्याचे शेण आणि त्या शेणाचा गोळा मागच्या पायांनी उलटा ढकलत नेणारा किडा, ज्याच्यापाशी त्यांना अर्धा तास बसायचे होते आणि आम्ही पाच मिनिटेही बसू दिले नाही. अभयारण्यात पान तोडायचे नसते, दगड हलवायचा नसतो, आणि ते योग्यच आहे. पण चार वर्षांचे मूल हातांनी पाहते, त्यामुळे त्याच्या हातांना मुभा असेल अशी एखादी साधी जागा आधी हवी. दाजीपूर दहा वर्षांनी पळून जाणार नाही.

आमच्या रानात मुलांना सर्वांत जास्त शिकवले असेल ते उंबराने. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण "उंबराचं फूल" म्हणतो. एका आजींनी ही म्हण मुलांना सांगितली, आणि त्या दिवसापासून मुलांनी उंबराचे फूल शोधण्याचा सपाटाच लावला. फांद्या पाहिल्या, खोड पाहिले, पालापाचोळा उपसला. मी काही बोलले नाही, कारण उत्तर त्यांच्या पायाखालीच पडलेले होते. तिसऱ्या रविवारी एका मुलीने कच्चे उंबर दगडाने फोडले आणि आतली बारीक केसाळ दाटी पाहून "ह्यात काहीतरी पेरलंय" असे म्हणाली. मग भिंगे निघाली. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो तो खरे तर आतून पोकळ असा एक पेला असतो, आणि शेकडो इवली फुले त्याच्या आतल्या भिंतीला लागलेली असतात. टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढी एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख मोडतात. ती सोबत आणलेले पराग आतल्या फुलांना लावते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांपैकी बिनपंखी नर बाहेर पडण्याची वाट पोखरतात, आणि पंखांच्या माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. हे सगळे मी एका दमात सांगितले नाही. पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून चार महिन्यांत, मुले एकेक फळ फोडत गेली आणि विचारत गेली तसतसे ते तुकड्यातुकड्याने आले. पिकलेल्या उंबरात किडे निघतात म्हणून तोंड वाकडे करणारा माझा नातू आता त्याच किड्यांना "घरातली माणसं" म्हणतो. आजींची म्हण मात्र मोडीत निघाली नाही. फूल दिसत नाही हे खरेच आहे, फक्त ते नसते असे नाही.

मुलाने "हे काय आहे?" असे विचारले की तत्काळ नाव सांगून मोकळे व्हायचे, ही माझी बालवाडीतली अनेक वर्षांची सवय मोडायला मला बराच काळ लागला. नाव मिळाले की मुलाचे पाहणे बहुतेक वेळा थांबते. जूनच्या पहिल्या पावसानंतर, मृग लागला की आमच्या बांधावर लाल मखमली किडे निघतात. त्यांना सगळे कोल्हापूर मृगाचे किडे म्हणते, मीही म्हणत आले. पहिल्या वर्षी मी ते नाव सांगितले आणि मुले दोन मिनिटांत पुढे गेली. दुसऱ्या वर्षी मी नुसते विचारले, "याला पाय किती?" ओल्या मातीवर पोटावर पालथे पडून, भांडत भांडत, चालत्या किड्याचे पाय मोजण्यात तासाभराचा वेळ गेला. आठ पाय निघाले. मुंगीचे सहा, झुरळाचे सहा, मग हा असा कसा? शेवटी एकाने कोळ्याचे पाय मोजून आणले तेव्हा मी सांगितले की हा कोळ्याच्या आणि गोचिडाच्या नात्यातला आहे, कीटकांच्या नाही. "किडा" हे नाव तसे चुकीचेच आहे, हे मुलांनी घरी जाऊन आजोबांना सुनावले, आणि त्याबद्दल आजोबांकडून मला फोन आला.

पावसाळ्यात आणावे की नाही यावर दर वर्षी चर्चा होते. माझा नियम ओढ्यावर ठरतो: ओढ्यातला खुणेचा दगड पाण्याखाली गेलेला असेल तर आम्ही गाडीतून खाली न उतरता परत फिरतो, आणि तो दिसत असेल तर प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून कामाला लागतो. चिखलाने भरलेले कपडे धुऊन निघतात. शिवाय बेंदराच्या आधी मातीचे बैल करायचे असतात, तेव्हा कोणती माती हाताला चिकटते, कोणती भेगाळते आणि कोणत्या मातीची शिंगे मोडतात, हे मुलांनी ओढ्याकाठी आधीच ठरवून ठेवलेले असते.

धोक्यांबद्दल मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण पालकांच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. आमच्या बाजूला विंचू आहेत, साप आहेत. दगड हाताने उचलायचा नाही, काठीने उलथायचा, आणि तो आपल्याकडे उचलून दगडाची उघडी बाजू पलीकडे ठेवायची, म्हणजे खाली जे काही असेल ते आपल्यापासून दूर पळते. हे पाच वर्षांच्या मुलांना उत्तम कळते. हद्द म्हणून आम्ही झाडांना लाल चिंध्या बांधतो. चिंधीच्या पलीकडे जायचे तर मोठ्यांचा हात धरून जायचे. मोहोळ दिसले की तो कोपरा त्या हंगामापुरता बंद असतो. इतके करूनही दुसऱ्या वर्षी एका मुलाने खाजकुइलीची शेंग सोनेरी आहे म्हणून मुठीत धरली. चूक माझीच होती. वेल वाढलेला मी आदल्या आठवड्यात पाहिला होता आणि काढायचा राहून गेला होता. त्याचा हात न चोळता आम्ही चिकटपट्टीने केस उचलले, मग भरपूर पाण्याने धुतले, आणि तरीही ते पोर दोन तास रडले. आता ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी एकटी जाऊन सगळ्या जाळ्या तपासते.

थंडीत आम्ही चूल पेटवतो. तीन दगड, आणि काटक्यांच्या तीन राशी: काडीएवढ्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या. राशी मुलेच लावतात. काडी पेटवण्याचे काम मोठ्यांचे, पण आग कशी राखायची हे मुले ठरवतात, आणि ओली काटकी घातल्यावर होणारा धूर डोळ्यांत गेला की कोरडे-ओले यावर धडा घेण्याची गरज उरत नाही. चुलीभोवतीच्या दगडांच्या कड्यात पाय टाकायचा नाही आणि पलीकडे जायचे असेल तर सगळ्यांच्या पाठीमागून जायचे, हे दोनच नियम. निखाऱ्यावर भाजलेल्या शेंगा, सोबत भडंग आणि गुळाचा खडा.

एका पालकांनी मला विचारले, "हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला?" डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकापासून मुलांना रानात नेणाऱ्या बालवाड्या निघाल्या आणि १९९० च्या दशकात ती कल्पना इंग्लंडला गेली, हे खरे आहे. पण १९५० च्या दशकाच्याच सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी भरवत होत्या, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेत होत्या. तिचे नावही कुरणशाळा असे होते. बालवाडीचे शिक्षण घेताना मी हे वाचले, परीक्षेत लिहिले, आणि नोकरीची सगळी वर्षे मुलांना चार भिंतींत सतरंजीवर बसवले. म्हणून खूळ म्हणणाऱ्या त्या पालकांवर मला रागवता आले नाही. राग येतो तो अलीकडे निघालेल्या एकदिवसीय शिबिरांचा. अशा एका शिबिरात मी मदतनीस म्हणून गेले होते. साठ मुले, एक भोंगा, प्रत्येकाच्या हातात "पाच पाने गोळा करा" असा छापील कागद, आणि दर अर्ध्या तासाने फोटो.

सध्या आमच्याकडे एक प्रश्न अडलेला आहे. मुलांनी महिन्यापूर्वी खालच्या फांदीवरच्या उंबरांच्या एका घोसाला लाल दोरा बांधून ठेवला होता, पिकताना पाहता यावा म्हणून. मागच्या रविवारी गेलो तर दोरा जागच्या जागी होता आणि उंबरे गायब. खाली चावून थुंकलेला चोथा पडला होता. कोणी म्हणाले खार, कोणी माकड; माझ्या नातवाने वटवाघूळ सांगितले, कारण चोथा सकाळी ओला होता, म्हणजे रात्रीच कोणीतरी आले असणार. मी काहीच बोलले नाही. येत्या शनिवारी आम्ही दिवेलागणीनंतर तासभर उंबराखाली थांबणार आहोत; पालकांचा होकार मिळाला आहे, मालक स्वतः काठी घेऊन येणार आहेत, आणि बॅटऱ्या फक्त मोठ्यांकडे राहतील.