कानात हाड वाढलंय म्हणे!

डब्लिनच्या समुद्राचं पाणी हिवाळ्यात ७-८ अंशांवर येतं आणि भर उन्हाळ्यातही १५-१६ च्या वर फारसं चढत नाही. तरी पायऱ्यांवर कुडकुडत उभ्या असलेल्या नवख्या माणसाला इथे प्रत्येक जण हेच सांगतो, की एकदा उतरलं की मस्त वाटतं. मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. डब्लिनजवळच्या सँडीकोव्हचा फॉर्टी फूट म्हणजे मार्टेलो टॉवर या किनाऱ्यावरच्या जुन्या लष्करी बुरुजाच्या पायथ्याशी खडकातली पोहण्याची जुनी जागा. पूर्वी तिथे फक्त पुरुष पोहायचे. १९७४ साली बायकांनी तिथे जाऊन निदर्शनं केली, त्यांच्या पुण्याईवर आता आमच्यासारख्या बायका तिथे बारा महिने डुंबतात. नाताळच्या सकाळी तर जत्राच असते.

मी वेंगुर्ल्याची. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. पाण्यामुळे कान दुखणं मला नवीन नव्हतं, पण इथे काहीतरी वेगळंच सुरू झालं. पोहून आलं की उजव्या कानाला दडा बसायचा, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटायचा नाही. एका पायावर उड्या मारा, मान वाकडी करा, पाणी काही बाहेर येईना. आईचा व्हिडिओ कॉलवर एकच धोशा, "गो, लसणीचा तेल गरम करून घाल कानात." ते मी घातलं नाही. मग एका दवाखान्यात मळ आहे म्हणून पिचकारी मारली गेली. मारलेलं पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. चार दिवसांत कान असा ठणकायला लागला, की उशीवर डोकं टेकवेना.

शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लागला. त्यांनी आधी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक नळीने आतली घाण ओढून घेतली. मग पडद्यावर आतलं चित्र दाखवलं. मला गोल भोक आणि त्यापलीकडे कानाचा पडदा दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती तीन गुळगुळीत, पांढुरकी टेंगळं, तीन बाजूंनी आत घुसलेली, आणि मध्ये उरलेली तिकोनी फट. त्या म्हणाल्या, "हे हाड आहे. ऐंशी टक्के रस्ता बंद झालाय."

पुढची तपासणी मला फार आवडली. त्यांनी चिमटा वाजवला, म्हणजे तो दोन पायांचा धातूचा काटा, ५१२ हर्ट्झचा, आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली. "आवाज कुठे येतोय?" आवाज स्पष्ट उजवीकडे येत होता, ज्या कानाने मला कमी ऐकू येतं त्याच कानात! मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाईंना यात काहीच नवल नव्हतं. कानाची नळी बुजली की बाहेरचा आवाज आत पोचत नाही, पण कवटीच्या हाडातून आलेला आवाज बाहेरच्या गोंगाटात बुडत नाही, म्हणून तोच कान जास्त गुणगुणतो. आतली ऐकण्याची नस दुबळी झाली असती, तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. नंतर आवाजबंद खोलीत बसवून काढलेल्या आलेखानेही तेच सांगितलं: नस ठणठणीत, अडथळा वाटेत.

याला एक्झोस्टोसिस म्हणतात, बोलीभाषेत सर्फर्स इअर. नळीच्या आतल्या भागात कातडी अगदी पातळ असते आणि मध्ये चरबीचा थर नसतो, सरळ हाडावरच ताणलेली. गार पाणी आणि वर गार वारा लागला की तिथलं रक्ताभिसरण वाढतं, हाडावरचं आवरण चिडतं आणि नवं हाड धरतं. पुन्हा गारवा, पुन्हा एक थर, कांद्यासारखा. साधारण १९ अंशांखालच्या पाण्यात हा धोका धरतात, म्हणजे आमचं पाणी वर्षभर त्या रेषेखालीच. हे व्हायला वर्षं जातात, म्हणून तिशीत लागलेलं वेड चाळिशीनंतर कानात दिसतं.

कोल्हापूरला माझा मामेभाऊ कानाचाच डॉक्टर आहे. दादा म्हणाला, आमच्याकडे पावसाळ्यात कानात बुरशी झालेले पेशंट रांगेने येतात, हे मात्र क्वचितच. साहजिक आहे. अरबी समुद्राचं आपल्याकडचं पाणी एवढं कोमट, की आमच्या कोळ्यांनी जन्मभर बुड्या मारल्या तरी हाडाला चिडायचं कारण नाही. त्याने लगेच विचारलं, "दोन्ही कानांत आहे का?" कारण एकाच कानात, एकच, देठावर लोंबल्यासारखी गोल गाठ असेल तर तो बहुधा ऑस्टिओमा असतो, ते निराळं प्रकरण. तोही साधाच, कॅन्सर वगैरे नाही, पण त्याचा थंड पाण्याशी असा पक्का संबंध नसतो. माझं दोन्हीकडे, रुंद बुडाचं. डावीकडे निम्म्याहून थोडं जास्त.

सीटी स्कॅन सगळ्यांना लागतोच असं नाही. माझा काढला, कारण टेंगळांच्या मागे पडद्याजवळ काय साचलंय ते दिसत नव्हतं. सुदैवाने मळ आणि मेलेल्या कातडीपलीकडे काही निघालं नाही.

याच सुमारास नवऱ्याने कुठूनतरी वाचून आणलं, की निअँडरथल, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या आदिमानवांच्या, कवट्यांतही हीच हाडं सापडतात. थट्टा असेल म्हणून मी शोधलं, तर खरंच. मानववंशशास्त्रज्ञ एरिक ट्रिंकाउस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या २३ निअँडरथलांपैकी साधारण निम्म्यांच्या कानांत ही वाढ होती. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेतल्या एका म्हाताऱ्याचे कान तर जवळजवळ बुजले होते. पाण्यात उतरून अन्न गोळा करत असतील, असा अंदाज. घरात आता माझं नाव काय पडलंय ते सांगायला नको.

औषधाने हे हाड विरघळत नाही. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. सारखा कान सुजत असेल, ऐकू येईनासं झालं असेल, तरच शस्त्रक्रिया. कानामागे छेद घेऊन ड्रिलने हाड घासतात, किंवा नळीतूनच एक मिलीमीटरच्या छिन्नीने सोलून काढतात. उजव्या कानाला छिन्नी लागली, पूर्ण भूल देऊन. धोके डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले: पडदा फाटू शकतो, मागून चेहऱ्याची नस जाते, पुढे जबड्याचा सांधा आहे. हा सांधा कुठे आहे ते मला नंतर नीट कळलं. आठवडाभर भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं, वरणात कुस्करून खाल्ली. कान औषधी पट्टीने ठासून भरलेला होता. ती काढली तेव्हा बाईंच्या टेबलावरचा कागद चुरगळल्याचा आवाज एवढा कर्कश आला, की मी दचकले.

डावा कान कापायचा नाही असं ठरलंय. वर्षाकाठी एकदा साफ करून घ्यायचा, बस. पाण्यात मी पुन्हा उतरते, पण बरी झाल्यावर, परवानगी घेऊन, सिलिकॉनचे प्लग आणि वर निओप्रीनची टोपी घालून. छिललेलं हाड गारव्याने पुन्हा वाढू शकतं. आमच्यातले काही जण कानात ब्लू-टॅक, म्हणजे भिंतीवर कागद चिकटवायचा मऊ लगदा, कोंबतात, ते कृपा करून करू नका, तुकडा आत राहिला तर काढताना वाट लागते.

आणि एडिंबरा, वेलिंग्टन, कुठेही थंड समुद्राच्या काठी राहणाऱ्या मराठी मंडळींनो, दडा बसला आणि कुणी पिचकारी घेऊन पुढे आलं, तर आधी सांगा की आपण गार पाण्यात पोहतो. मला ते कुणी विचारलं नव्हतं.