खंदकातली अस्वलं

मुलगा प्रागला नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेले होते, तेव्हा एका रविवारी त्याने चेस्की क्रुमलोव दाखवलं. बसने साधारण तीन तास. वस्ती जेमतेम १३ हजारांची, आमच्या खानापूरपेक्षाही कमी. व्लतावा नदीने गावाला असं कवेत घेतलंय की कुठल्याही गल्लीने निघालात तरी पाण्यापाशीच येता.

वर किल्लेवजा राजवाडा. रोझम्बेर्क घराण्याने तो १३०२ पासून तीनशे वर्षं सांभाळला. आतल्या चौकात घडीव दगडांच्या भिंती बघून हात लावला, तर गुळगुळीत गिलावा! दगड नुसते रंगवलेले, सावलीसकट. खंदकात मात्र खरी अस्वलं. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक लहानपणापासून बघतेय, पण त्यात अस्वल पाळायचं कुणाला सुचलं नसतं.

या गावाचं जर्मन नाव क्रुमाऊ. इथे जर्मन बोलणारे बहुसंख्य होते. १९३८ मध्ये हिटलरने हा भाग गिळला आणि युद्ध संपल्यावर, १९४५ नंतर, चेकोस्लोव्हाकियाने त्या बहुतेक जर्मन कुटुंबांना देशाबाहेर घालवलं. हे ऐकलं आणि पुढचा रस्ता मी गप्पच चालले. आमच्या भिंतीला भिंत लागून कन्नड बोलणाऱ्या अक्का राहतात. त्यांची होळिगे आणि माझी पुरणपोळी दर सणाला भिंतीवरून इकडून तिकडे जाते.

रात्री अक्कांना फोन केला. त्यांनी आधी नदीचंच विचारलं, पूर येतो का म्हणून. २००२ मध्ये मोठा आला होता, म्हटलं. "आपल्या मलप्रभेसारखीच की गं," अक्का म्हणाल्या.