उरलेले १.८ मिली

पहाटे पाचला वॉर्डचा फ्रिज उघडला, तर इन्सुलिनच्या शेजारी एक सिरिंज ठेवलेली. सुईवर टोपण, अंगावर चिकटपट्टी आणि पट्टीवर नीटस अक्षरात लिहिलेलं: ‘आर्टेसुनेट १.८ मिली, स. ९.४०’. आतलं हे मलेरियाचं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं. काळजात धस्स झालं ते त्यामुळेच. गढूळ असतं तर कुणीही फेकून दिलं असतं.

मुलगा रात्री नऊच्या सुमारास आला होता. वाटेत दोनदा झटके आलेले, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता. फाल्सिपेरमची, म्हणजे जीवघेण्या मलेरियाची टेस्ट पॉझिटिव्ह, रक्तातली साखर ३८, फारच कमी. आधी ग्लुकोज दिलं. वजन विचारलं तर वडील म्हणाले, “असेल सोळा-सतरा किलो.” अशा वेळी अंदाजावर विसंबायचं नाही. आईला मुलासकट काट्यावर उभं केलं, मग एकटीला. फरक १४ किलो.

माझ्याबरोबरची सिस्टर नवीन, पण हुशार. तिने लगेच २.४ ने गुणलं. मी म्हटलं, “थांब गं, वीस किलोच्या आतलं मूल आहे, किलोमागे ३ मिलिग्रॅम.” लहान मुलांच्या शरीरात हे औषध लवकर उतरतं, मोठ्यांच्या हिशेबाने दिलं तर कमी पडतं. म्हणजे ३३.६ नाही, ४२ मिलिग्रॅम.

औषध मी तिच्याकडूनच बनवून घेतलं. ६० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, पांढरी पावडर असते. तिच्यात साधं डिस्टिल्ड वॉटर घालून चालत नाही, ती नीट विरघळतच नाही. सोबतच्या अँप्युलमधलं १ मिली सोडियम बायकार्बोनेट आधी घालायचं. घातलं की बारीक बुडबुडे येतात, द्रावण दुधाळ दिसतं. तिचा हात तिथेच थांबला. दारात आई उभी होती, सगळ्यांनाच घाई होती. “हलवत राहा, तळ दिसेपर्यंत.” दोन मिनिटं फार लांब वाटतात. व्हायल उजेडात धरून पाहिली, आरपार स्वच्छ दिसली, मगच ५ मिली सलाईन घातलं. एकूण ६ मिली, एका मिलीत १० मिलिग्रॅम. त्यातले ४.२ मिली शिरेतून सावकाश दिले. घड्याळात रात्रीचे ९.४० झाले होते, म्हणजे पुढचा डोस सकाळी ९.४० ला. त्यानंतर मला दुसऱ्या खाटेकडे धावावं लागलं.

उरलेले १.८ मिली तिने जपून ठेवले. का, ते पहाटे तिने सांगितलं. “मॅडम, स्टॉकला तीनच व्हायल होत्या. तिन्हींचे मिळून १८ मिली. चार डोसांना १६.८ लागतात. फेकलं तर तीनच डोस होतील.”

हिशेब अगदी बरोबर होता. मला तिच्यावर रागावता येईना. औषध पुरवून वापरायचं हे आम्हीच तर शिकवतो. पण पावडर आणि द्रव वेगवेगळे देतात ते एवढ्याचसाठी, की विरघळल्यावर हे औषध टिकत नाही. तासाभरात संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. शिळ्या इंजेक्शनात औषधाचा किती अंश उरला आहे हे बघून कळत नाही, आणि बेशुद्ध मुलाला अर्धवट डोस गेला तरी चार्टवर तो ‘दिला’ म्हणूनच नोंदला जातो. मी क्विनीनच्या, म्हणजे मलेरियावरच्या जुन्या औषधाच्या काळात नोकरीला लागले. चार-चार तासांचं ड्रिप, सारखी साखर तपासणं. २०१० साली आफ्रिकेतल्या ९ देशांमधल्या पाच हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात क्विनीनवरची १०.९ टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेटवरची ८.५ टक्के. हा फरक ताज्या, पूर्ण डोसाचा आहे.

सिरिंज तिनेच रिकामी केली. मी मुख्य स्टोअरला फोन लावला. पहिल्या २४ तासांचे तीन डोस हातातल्या व्हायलींत होत होते, चौथा थेट ४८ तासांनी. तोवर नवा स्टॉक आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाने पाणी मागितलं. तोंडाने औषध घेऊ लागल्यावर गोळ्यांचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स झाला. डिस्चार्ज देताना मी आईला दर आठवड्याला, चार आठवडे, रक्त तपासायला यायला सांगितलं. “ताप गेलाय की आता,” ती म्हणाली. मी तिला समजावलं की या औषधाने रक्तातल्या तांबड्या पेशींमधले जंतू मेले तरी त्या पेशी पुढे जास्त टिकत नाहीत, कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदम फुटतात. लघवी काळपट दिसली किंवा पोर पांढरं पडलं, तर तारखेची वाट न बघता यायचं.

चौदाव्या दिवशी ती आली. मुलगा चालतच आला होता, पण ओठ फिके, आणि लघवी काळ्या चहासारखी. डिस्चार्जला हिमोग्लोबिन ९.२ होतं, आता ६.८. लगेच दाखल केलं, दर बारा तासांनी तपासलं. रक्त चढवावं लागलं नाही. एकविसाव्या दिवशी ८.१ भरलं. तो रिपोर्ट नव्या सिस्टरनेच लॅबमधून आणला आणि मला दाखवायच्या आधी आईला दाखवला.