इंजेक्शनाआधीचे सहा महिने : आमची वाटचाल

वेदगंगेकाठी ऊस-तंबाखू सोडून मासे करतो म्हटलं की लोक आधी विचारतात, "परवडतंय काय?" बारा वर्षांपूर्वी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही तेच विचारलं. कर्नाटकातल्या आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात तेव्हा शेततळी वाढत होती. त्यात सोडायचं रोहू-कटल्याचं बी, म्हणजे माशांची पिल्लं, मात्र ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून लांबून यायचं आणि बरंचसं वाटेतच मरायचं. इथंच बी काढायचं ठरवून घरच्या दोन एकरांत चार तळी खोदली, सिमेंटचं गोल कुंड बांधलं.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून, म्हणजे रोहू-मृगळाच्या कुळातल्या माशांकडून, अंडी घालवून घेतली. आज देशातला मत्स्यबीजाचा धंदा त्यावरच उभा आहे. आता ग्रंथी काढत बसावं लागत नाही, हार्मोनची तयार बाटली मिळते. बाटली आणली की बी निघालंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिसऱ्या हंगामात त्याची किंमत मोजली. संध्याकाळी अकरा माद्यांना इंजेक्शन देऊन मी आणि बायको कुंडावर बसून राहिलो. एरवी चार-सहा तासांत शेपट्यांचा धडाका सुरू होतो. त्या रात्री नुसता फवाऱ्याचा आवाज. दोन माद्यांनी घातली तेवढीच अंडी, तीही सकाळी भिजल्या साबुदाण्यासारखी पांढरी पडली. फळलेलं अंडं काचेच्या मण्यासारखं असतं, काही तासांनी आत बारीक जीव वळवळताना दिसतो. आमच्या ओंजळीत तसं एकही नव्हतं. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्या हिशेबानं आमचं वर्षच गेलं.

मी बाटलीला दोष दिला. मत्स्य खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब बघायला आले, म्हणाले, "बाटली ऱ्हाऊ दे. ब्रूडरच्या तळ्यातलं पाणी पहाटे पाचला मोजा." ब्रूडर म्हणजे बी काढण्यासाठी पाळलेले नर-माद्या. पाणी मोजलं. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्याही खाली. दुपारी तेच पाणी नऊच्या वर. चूक माझी होती. खाद्य वाचवायला मी तळ्यात शेण वारेमाप टाकलं होतं. पाणी हिरवंगार झालेलं बघून मला समाधान वाटायचं. पण तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन ओढून घेत होतं आणि मासे रोज पहाटे वर येऊन तोंड उघडत होते.

साहेबांनी बांधावर बसून समजावलं ते अजून तोंडपाठ आहे. माशाचा मेंदू पियुषिकेला इशारा देतो, पियुषिका अंडाशयाला. अंडाशयातून एस्ट्रॅडिऑल हे मादीचं हार्मोन रक्तात उतरतं, ते यकृताला व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवायला लावतं, आणि त्याच प्रथिनाचा अंड्यात बलक होतो. हे काम महिनोन्‌महिने चालतं. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला, अमोनिया चढला, की माशाच्या अंगात ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं, एस्ट्रॅडिऑल घटतं आणि बलक अर्धवट राहतो. इंजेक्शन शेवटचं दार उघडतं. डोपामिन हे मेंदूतलं रसायन अंडी सोडण्याला लगाम घालत असतं, तो लगामही ते सोडवतं. पण रिकाम्या अंड्यात बलक भरणं इंजेक्शनाच्या हातात नाही.

तेव्हापासून मार्गशीर्ष-पौषापासूनच ब्रूडर वेगळे ठेवतो, विरळ ठेवतो. बोअरचं पाणी थेट सोडत नाही, त्यात मुळातच ऑक्सिजन कमी. आधी पायऱ्यांवरून खळाळत पाडतो. उसाच्या रानातलं औषध-खताचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर काढलाय. २०१९ च्या महापुरात बांध, चर सगळं वाहून गेलं, पुन्हा उभं केलं.

मध्ये एक तयार तळं निम्म्या खंडानं मिळत होतं, पण त्याला शहराच्या नाल्याचं पाणी. आण्णा म्हणाले, "घे की, मासे मरत्यात काय?" मरत नाहीत, हाच घोर आहे. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ गर्भनिरोधक गोळ्यांतलं हार्मोन लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग पाच-सहा वेळा, इतकंच सोडलं होतं. तेवढ्यानं नर मासेही मादीचं ते बलकाचं प्रथिन बनवू लागले आणि तिथली छोट्या मिनो माशांची जात जवळजवळ संपली. हेच हार्मोन माणसाच्या लघवीतून सांडपाण्यात उतरतं. तळं नाकारलं. आण्णा आठवडाभर बोलले नाहीत.

आज चिकोडी, हुक्केरी, आणि सीमेपलीकडून कागल, गडहिंग्लजचे शेतकरीही बी न्यायला येतात. पावती कन्नडमध्ये मागा की मराठीत, मिळते. बायकोची वही कुंडाशेजारी खुंटीला टांगलेली असते. पहाटेचा ऑक्सिजन, तापमान, सामू (पीएच), रोजचा. पैसे देण्याआधी ती उघडून बघा. यंदाच्या पहिल्या खेपेच्या माद्या मृगाच्या पावसानंतर कुंडात घेऊ. मत्स्यजिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, लगेच मिळतील, बोटाएवढ्या बोटुकलीला भाद्रपद उजाडेल.