म्हैस विकताना

आमच्या गाडीचं नाव म्हैस. रंग काळपट राखाडी, वळवायची म्हटली की अर्धा पार्किंग लॉट लागायचा, आणि सकाळी पहिल्यांदा चालू केली की एक हुंकार द्यायची. कागदोपत्री ती २०११ची टोयोटा सिएना, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, दोन्ही बाजूंना सरकती दारं. २०१३ मध्ये इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला सेकंडहँड घेतली तेव्हा ३१ हजार मैल झाली होती. या फेब्रुवारीत विकली तेव्हा १ लाख ४८ हजार, म्हणजे जवळजवळ २ लाख ३८ हजार किलोमीटर.

पहिली काही वर्षं ती सरळमार्गी फॅमिली गाडी होती. मग नवऱ्याच्या लक्षात आलं, की मधली सीटं काढली आणि मागची रांग जमिनीत दुमडली तर ४ बाय ८ फुटांची प्लायवुडची अख्खी शीट आत आडवी बसते. झालं! मधली सीटं गॅरेजमध्ये गेली ती सात वर्षं तिथेच. त्यांच्या जागी बिजागरीचा लाकडी पलंग आला, पलंगाखाली कांदे-बटाटे, कुकर आणि गॅसच्या शेगडीसाठी खण. रात्री पंखा चालावा म्हणून दुसरी बॅटरी बसवली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली तिचं लाल बटण. आई सोलापूरहून आली होती, तिनं स्वतःच्या जुन्या इरकलीचे चार पडदे शिवले, हातशिलाईनं. "खिडकीला काही नाही आणि त्यात झोपता?" एवढंच म्हणाली होती. त्या पडद्यांआड आम्ही योसेमिटीत झोपलो, डेथ व्हॅलीत झोपलो. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेल्या बॅडवॉटरच्या त्या पांढऱ्या मिठावर उभं राहून माझ्या मुलीनं विचारलं होतं, "हे पोह्यांत चालेल का?"

ती मुलगी आता डेव्हिसला शिकते. मुलाला आईबापाबरोबर तंबूत झोपण्यात रस उरलेला नाही. गाडी दारात उभी राहून नुसता इन्शुरन्स खात होती.

विकायची ठरली आणि पहिला अपमान केली ब्लू बुकच्या वेबसाइटनं केला. जुन्या गाडीची किंमत इथे सगळे तिथेच बघतात. साल, मैल, रंग, सीटं कापडी की चामड्याची, सगळं विचारतात. इरकलीच्या पडद्यांसाठी रकाना नाही. लाकूड, बॅटरी, वायरिंग धरून आम्ही हजार-अकराशे डॉलर घातले होते, त्याची किंमत शून्य. खरं तर शून्याच्याही खाली, कारण जाहिरात टाकल्यावर पहिल्याच माणसानं "तो पलंग काढायचे पाचशे कमी करा" असं लिहिलं.

फेसबुक मार्केटप्लेसवर 'इज धिस स्टिल अव्हेलेबल?' हा प्रश्न माणसं सवयीनं विचारतात, आपल्याकडे 'जेवण झालं का?' विचारतात तसा. उत्तर द्या, पुढे काही नाही. उरलेले गाडी न बघताच भाव पाडतात. पाण्यात म्हैस, बाहेर मोल ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, अर्थ फ्रीमाँटला कळला.

शेवटी पलंग काढून सीटं परत बसवायची असं ठरलं. नवरा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. एक सीट दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही आणि सात वर्षांत तिच्याखाली कोळ्यांचा संसार झालेला. पलंग निघाला, दुसरी बॅटरी निघाली, वायरी सोडवताना खबरदारी म्हणून त्यानं मूळ बॅटरीही तासभर काढून ठेवली. आणि तिथेच घोळ झाला.

आपल्याकडच्या पीयूसीसारखी कॅलिफोर्नियात स्मॉग टेस्ट असते. गाडी विकताना तिचं सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ते ९० दिवस चालतं. आम्ही ऐटीत गेलो. त्या माणसानं स्टिअरिंगखाली केबल लावली, स्क्रीन बघितला आणि विचारलं, "बॅटरी काढली होती का?" चोरी पकडल्यासारखा नवरा माझ्याकडे बघायला लागला. तर असं आहे, की गाडीचा कॉम्प्युटर आपल्या धुराच्या यंत्रणेच्या चाचण्या चालता चालता स्वतःच घेत असतो. बॅटरी काढली की तो निकाल पुसला जातो. साल २००० पासूनच्या पेट्रोल गाडीची एकच चाचणी, पेट्रोलच्या वाफेची, अपुरी चालते, बाकी सगळ्या पूर्ण लागतात. गाडी ठणठणीत, पण गुणपत्रिका कोरी! उपाय काय? "चालवा. थोडी हायवेला, थोडी गावात, रात्रभर गार होऊ द्या, परत चालवा."

म्हणजे विकायला काढलेली गाडी आठवडाभर उगाच फिरवायची. मुलाकडे नुकतंच लर्नर परमिट आलं होतं, तर मी त्याला चाक दिलं. रोज संध्याकाळी आम्ही ६८० हायवेनं सुनोल गावापर्यंत जायचो आणि आतल्या रस्त्यानं परत यायचो. तो गप्प चालवायचा. तिसऱ्या दिवशी लाल सिग्नलला थांबलो असताना त्यानं मान मागे वळवून रिकाम्या जागेकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, हिंगाचा वास अजून येतो." मी म्हटलं, सिग्नल बघ. शनिवारी गाडी पास झाली.

घेणारं जोडपं गिलरॉयचं, तीन मुलं आणि आजी. गिलरॉय म्हणजे लसणाचं गाव, हायवेवरूनच वास येतो, त्यामुळे हिंगाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आजीला फक्त स्पॅनिश येत होतं. ती सरळ आत जाऊन बसली आणि पडद्याचा काठ दोन बोटांत धरून चोळून बघितला, आपल्याकडच्या बायका दुकानात बघतात तसा. पडदे काढून ठेवायचे मी विसरले होते. सुनेनं दुभाषीपणा केला: कुणी शिवले? माझ्या आईनं, हातानं. आजीनं मान डोलावली आणि काठ काही सोडला नाही.

मी दोन पडदे काढून घेतले, दोन ठेवले. "पडदे आहेत का बटाटे, निम्मे-निम्मे वाटायला?" नवरा मराठीत पुटपुटला.

साडेआठ हजार मागितले होते, सात हजार सहाशेला सौदा झाला. पैशांसाठी त्यांच्या बँकेत जाऊन कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेनंच काढलेला चेक, डोळ्यांदेखत बनवून घेतला, कारण खोट्या चेकच्या गोष्टी भरपूर ऐकल्या होत्या. मग पिंक स्लिपवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर सही. नावच पिंक, कागद काही गुलाबी नव्हता. वडिलांनी पुण्यात चेतक विकली तेव्हा फॉर्म २९, फॉर्म ३० आणि एजंटाच्या तीन चकरा लागल्या होत्या. इथे गाडी विकल्याचं डीएमव्हीला, म्हणजे इथल्या आरटीओला, पाच दिवसांत ऑनलाइन कळवायचं, की पुढचं पार्किंगचं तिकीट आपल्या गळ्यात येत नाही. तेवढं मी त्याच रात्री केलं.

एक राहिलं. कॅलिफोर्नियात नंबरप्लेट गाडीबरोबरच जाते आणि टोलच्या फास्टट्रॅक खात्यातून तो नंबर काढायला आम्ही विसरलो. दोन आठवड्यांनी खात्यातून टोलचे पैसे गेले: शनिवार, पहाटे ५:४०, बेनिशिया पूल, उत्तरेकडे. आम्हीही याच वेळेला, याच पुलावरून जायचो.

"टाहोला चालले असणार, बर्फात," मी म्हटलं.

नवरा ताडकन उठून गॅरेजमध्ये गेला आणि हातात चाकांच्या बर्फाच्या चेन घेऊन आला. त्या द्यायच्या राहिल्या होत्या, पलंगाच्या फळ्यांखाली पडून होत्या. त्यानं घाईनं मेसेज केला. दुपारी उत्तर आलं: वाटेत विकत घेतल्या, काळजी नको, टोलचे पैसे पाठवतो. आणि खाली एक प्रश्न. ड्रायव्हरच्या सीटखालचं ते लाल बटण कशाचं आहे?

नवरा बराच वेळ फोन हातात धरून बसला. मग त्यानं टाइप केलं, 'आता कशाचंच नाही.'