तुम्ही विचारलंत म्हणून: वेढ्यातलं खरेदीखत

‘सर, एवढं सगळं होऊनही तुम्ही चर्चला जाता?’ असं जुने विद्यार्थी विचारतात, शेजारी विचारतात. मंडळीतलेही विचारतात, फक्त जरा आडून: ‘विश्वासात टिकून आहात ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

‘एवढं सगळं’ म्हणजे काय, ते आधी. नगरला (नाव बदललं तरी आमच्या तोंडी नगरच) एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवत होतो. जितके तास तितका पगार, सुट्टीत शून्य. कायम जागा निघाली की ती तुमचीच, असं वर्षानुवर्षं ऐकलं. जागा निघाली, मुलाखत झाली आणि ऑर्डर दुसऱ्याच्या हातात पडली. मंडळीने माझ्यासाठी उपास-प्रार्थना केली होती. जागा गेल्याचं दुःख होतंच, पण इतक्या लोकांच्या ‘आमेन’नंतर ती गेली, याचा राग जास्त होता.

मग सांत्वन करणारे आले. ‘देवाची वेळ असते.’ ‘याहून चांगलं ठेवलं असेल.’ माणसं प्रेमळ, हेतू चांगला, पण खरं सांगतो, त्या दिवसांत मला त्यापेक्षा बायबलमधलं 88वं स्तोत्र जवळचं वाटलं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी स्तुतीचं एक कडवं जोडून ते गोड करावंसं कोणाला वाटलं नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. बुधवारच्या प्रार्थनासभेला मात्र मी जाईनासा झालो. तिथे साक्ष देतात ती मिळालेल्यांनी: व्हिसा मिळाला, गाठ निघाली, मुलीचं जमलं. माझ्यासारख्याने उठून काय सांगायचं?

रविवारी जात होतो, ते आईसाठी. अशाच एका रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझ्यावर आली आणि पाठ होता यिर्मया 32, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, इ.स.पू. 587च्या सुमाराची गोष्ट. शहर पडणार, असं यिर्मया स्वतःच सांगत होता आणि त्यापायीच राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे यरुशलेमेच्या शेजारचंच गाव. शत्रूने वेढलेल्या मुलखातली जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो. 17 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) रुपं, म्हणजे चांदी, ताजव्यात तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याच्या हवाली करतो. पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. रजिस्ट्रार कचेरीत शोभेल इतका चोख व्यवहार!

हे सगळं उरकल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि तेव्हा त्याचा धीर सुटतो. देवाला म्हणतो, शहर तर खास्द्यांच्या (म्हणजे बाबेलवाल्यांच्या) हाती चाललंय आणि तू मला म्हणतोस शेत घे? वाचता वाचता मी इथे अडखळलो. आम्हाला संडे स्कूलपासून उलटा क्रम शिकवलेला: आधी शंका मिटवा, मग पाऊल उचला. इथे कागद आधी झाला, पैसे दिले गेले, आणि शंका नंतर आली.

पुढे काय झालं? शहर पडलं. यिर्मयाला लोकांनी ओढून मिसरात नेलं. त्या शेतात त्याने कधी नांगर घातला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही काहीसं असंच. केडगावला (आमच्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं) त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ज्या मनोरमेने पुढे त्यांचं मुक्ती मिशन सांभाळायचं, ती एकुलती एक मुलगी 1921 साली गेली. रमाबाई भाषांतराच्या कामाला लागूनच राहिल्या आणि 1922च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या.

मला काही दर्शन वगैरे झालं नाही. त्या पाठानंतर महिन्याभरात मी सावेडीत एक गाळा भाड्याने घेतला, अकरा महिन्यांचा करार केला आणि अकरावी-बारावीचे क्लास सुरू केले. डिपॉझिट भरून घरी आलो आणि रात्रभर डोळा लागला नाही. तेव्हा यिर्मयाचीच प्रार्थना केली, त्याच्याच सुरात, थोडी अधिक चिडून. राग पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही. भरतीची जाहिरात दिसली की अजूनही पान उलटतो.

बुधवारी पुन्हा जायला लागलोय. पाळकसाहेबांना म्हटलं, ज्यांना अजून मिळालेलं नाही त्यांनाही साक्षीला वेळ द्या. ते जरा बिचकले, पण हो म्हणाले. पहिल्यांदा कोणीच उठलं नाही. पुढच्या खेपेला एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, ‘पोराची दारू सुटलेली नाही. त्याच्यासाठी खोली रंगवून घेतली आहे.’ आणि बसल्या. मग एक काका उठले, म्हणाले, जमिनीची केस अजून चालूच आहे. त्यांचं जरा लांबलं.