आमची वाटचाल : फायबरच्या चादरीकडून कापसाच्या सांध्याकडे

सुरुवातीला जुनी लाकडी होडी दुरुस्तीला आली की आमचं उत्तर ठरलेलं असे: घासा, इपॉक्सी लावा, वरून फायबरची चादर. होडी चकाचक, गिऱ्हाईक खूश. ते काम आम्ही बंद केलं. फळ्या जोडून बांधलेली होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते. चादर तिच्याबरोबर हलत नाही. सांध्यावर केसाएवढी भेग पडते, तिथून शिरलेलं पाणी कोंडून राहतं आणि लाकूड चादरीखाली कुजत जातं. रंग मात्र शाबूत!

आता आधी होडी ओळखायची, आणि ती ओळखायची आतून. फळ्या काथ्याने शिवलेल्या की खिळ्यांनी ठोकलेल्या? तळ आंब्याच्या एकाच खोडाचा कोरलेला आणि वर उलांडीचे (तोल राखायला बाजूला जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याचे) दांडे बांधायची सोय असेल, तर घडण सिंधुदुर्ग-गोव्याकडची. सागाच्या फळ्या असतील तर एक खिळा उपसून बघतो. चौकोनी, घडीव, डोकं वेडंवाकडं म्हणजे लोहाराच्या ऐरणीवरचा. गोल, एकसारखा, जस्ताचा मुलामा दिलेला म्हणजे बहुधा मागाहूनची डागडुजी. इंजिनाच्या पुढे तळाला डोलकाठीची जुनी खाच सापडली तर होडी मूळ शिडाची. मग इंजिनाच्या बैठकीसाठी कोणत्या बरगड्या (फळ्यांना आतून धरणारी बाकदार लाकडं) कापल्या, ते पहिलं तपासतो.

खाऱ्या पाण्याने होडी कुजते, हा गैरसमज घेऊनच बहुतेक जण येतात. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. (लाकूड पोखरणाऱ्या किड्याला मानवतं, तो वेगळा शत्रू.) कुजवतं ते पावसाचं पाणी. झापांनी न शाकारता, पालापाचोळ्यासकट चार पावसाळे पडून राहिलेल्या होडीत ते नाळेत (पुढच्या टोकाशी), मागच्या कोपऱ्यांत आणि बसायच्या फळ्यांच्या टोकांखाली साचतं. तिथे बोथट टोचा दाबून उचकटायचा. चांगल्या लाकडाची लांब चिरफळी उठते, कुजलेलं बिस्किटासारखं तुटतं. किडा लागला असेल तर बाहेर टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत बोट जाईल एवढी पोकळी, म्हणून पाण्याखालच्या फळ्यांवर हातोडी वाजवून ऐकतो. बद्द आवाज आला की फळी काढायचीच.

होडी उन्हात टाकून वाळवू नका, फळ्या तडकतात. सावलीत, तळाच्या कण्याखाली जागोजागी ठोकळे देऊन ठेवा. कण्याच्या लांबीभर दोरी ताणली की वाक किती आलाय ते कळतं. तो जॅकने हळूहळू, काही आठवडे घेऊन काढायचा.

बरगड्या एकाआड एक बदलतो. शेजारशेजारच्या एकदम काढल्या तर होडीचा आकार सुटतो आणि परत येत नाही. बरगडीला सरळ लाकूड कापून वाकडा तुकडा काढला तर तंतू आडवा तुटतो; नैसर्गिक बाक असलेली फांदीच हवी. फळीसाठी जुन्या घरांचा साग उत्तम, पण रंध्याखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर पातं गेलंच. फळीचा जोड तिरका, जाडीच्या आठपट लांब: 25 मिलिमीटरला 200. साग तेलकट असतो, म्हणून जोडाला गोंद लावण्याआधी ॲसिटोनने पुसतो. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देत नाही.

लोखंडी खिळा गंजला की भोवतालचं लाकूडही मऊ पडतं. त्याच भोकात जाडा खिळा ठोकणं फुकट. लाकडी खुंटी मारून भोक बंद करायचं आणि बाजूला नवं पाडायचं. खिळे तांब्याचे किंवा जस्ताचा जाड थर असलेले, एका होडीत एकाच प्रकारचे. स्टेनलेस पाण्याखालच्या ओल्या लाकडात नको. हवा मिळाली नाही की तो आतून खड्डे पडून जातो.

दोन फळ्यांमधल्या सांध्यात पाणी अडवायला कापसाचा पीळ बसवणं हे आमच्याकडे सगळ्यात उशिरा शिकवलं जाणारं काम. सैल राहिला तर गळती. गच्च ठोकला तर फळी फुगल्यावर जागा उरत नाही आणि खिळे, बरगड्या उचलल्या जातात. वरची पुट्टी पृष्ठभागापेक्षा किंचित खाली ठेवतो. फुगल्यावर ती बरोबर येते. पूर्वी इथे चंद्रूस (झाडाची राळ) आणि तेल असे, काही गिऱ्हाइकांना आम्ही आजही तेच देतो.

अंदाजपत्रक दोन टप्प्यांत देतो: उघडून तपासण्याचं वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. पाण्यात सोडल्यावर पहिले काही दिवस, फळ्या फुगेपर्यंत, होडी गळणारच. तोवर ती उथळ पाण्यात, पंपासकट, आमच्याच माणसाच्या नजरेखाली असते, आणि गळणाऱ्या सांध्यात त्या दिवसांत कुणी कापूस ठोकायचा नाही.